सोसण्याची सवय

केमो सुरू करायचं ठरलं की घरातली मोठी झालेली मुलं कामाला लागतात. रिपोर्टांची फाईल लागते, विम्याचे कागद शोधले जातात, रजांची जुळवाजुळव होते, कुणीतरी डब्याची जबाबदारी घेतं. ज्यांच्यासाठी ही धावपळ चाललेली असते ते आई किंवा बाबा मात्र हळूहळू गप्प होत जातात. कसं वाटतंय विचारलं तर ‘मला काय धाड भरलीय’ किंवा ‘चालायचंच, औषध आहे ते’ एवढंच उत्तर मिळतं. आपल्याकडे या गप्प राहण्याला मोठा मान आहे. सोसणारी आई आणि कधी कुरकुर न केलेले बाबा यांच्याविषयी आपण अभिमानानं बोलतो, आणि त्या सोसण्यावर कितीतरी घरं उभी राहिली आहेत हे खरंच आहे. पण केमोच्या चार-सहा महिन्यांत हाच गुण अतिशय महाग पडू शकतो, असं माझं ठाम मत आहे. उलट्या, गळणारे केस, अशक्तपणा यांची धास्ती सगळ्यांनाच असते आणि त्यांची थोडीफार तयारीही होते. आपल्याला काय होतंय ते वेळेवर आणि नेमकं सांगायची तयारी मात्र कुठल्याच घरात केली जात नाही, आणि उपचार सुरळीत पार पडण्यासाठी तिची गरज सगळ्यात जास्त असते.

याचं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. युद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून नायट्रोजन मस्टर्ड पुढे आलं आणि 1942 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ते पहिल्यांदा कर्करोगाच्या रुग्णाला दिलं गेलं. त्यानंतर औषधं पुष्कळ बदलली, सुधारली, पण केमोचं मूळ काम तेच राहिलं: भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठायचं. अशा पेशी फक्त गाठीत नसतात. केसांची मुळं, तोंडापासून आतड्यापर्यंतचं नाजूक अस्तर, हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज, हे सगळं सतत नव्यानं घडत असतं आणि औषधाच्या तडाख्यात सापडतं. म्हणून तोंड येतं, चव जाते, जुलाब होतात, काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. पुष्कळ केमो 21 दिवसांच्या फेरीनं दिल्या जातात. सलाईन लावायचा दिवस घरच्यांना सगळ्यात भीतीचा वाटतो, पण तो बहुतेकदा निभावून जातो. बरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे पहिले एक-दोन दिवस भूक लागते, बोलणं वाढतं, रात्री झोप येत नाही, मधुमेह असेल तर साखर चढते. मग स्टेरॉइड थांबलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एकदम गळून जातं, चिडचिडं होतं, आणि ‘काल तर बरे होते’ म्हणून मुलं गोंधळतात. पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला. तोवर सोबतीला आलेली बहीण परत गेलेली असते, मुलगा कामावर रुजू झालेला असतो आणि आई घरात दिवसभर एकटी असते.

त्या दिवसांत ताप आला, 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. त्याच वेळी रुग्णालय गाठायचं असतं. एरवी साध्या तापात शरीर जंतूंशी झुंजत असतं, इथे झुंजायला पेशीच उरलेल्या नसतात. काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. अशा रुग्णाला पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळावं, असा जगभर दंडक आहे. आता याच्यासमोर आपल्या घरातली नेहमीची रीत ठेवून बघा. रात्री अकराला अंग कसकसतंय असं आईला वाटतं. मुलाला सकाळी लवकर निघायचंय, सून दिवसभर दमलीय. आई डब्यातली तापाची गोळी घेते, शाल पांघरते आणि पडून राहते. गोळीनं ताप उतरतो, थर्मामीटर लावला तरी आकडा बरा दिसतो, आणि आतला जंतुसंसर्ग वाढतच राहतो. या सगळ्यात कुणाचाही दुष्ट हेतू नाही, निष्काळजीपणाही नाही. आयुष्यभर ज्या मायेनं तिनं कुणाची झोप मोडली नाही तीच माया इथे आहे. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच तिला स्पष्ट सांगायला हवं की ताप मोजल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, आणि रात्री दोन वाजता उठवलंस तरी आम्हाला चालेल. ‘चालेल’ म्हणून भागणार नाही खरं तर. उठवायलाच हवं असं सांगावं लागेल.

ताप निदान मोजता येतो. कितीतरी गोष्टी अशा असतात की त्या रुग्णाखेरीज कुणालाच कळत नाहीत आणि कुठल्याही तपासणीत सुरुवातीला दिसत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, ऑक्झॅलिप्लॅटिन अशी औषधं हातापायांच्या नसांना इजा करतात. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग सदऱ्याचं बटण लागेनासं होतं, मंगळसूत्राची कडी बोटांत धरता येत नाही, पायातली चप्पल निसटली तरी समजत नाही. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस फ्रिजमधल्या भांड्याला हात लावला किंवा गार पाण्याचा घोट घेतला तरी झिणझिण्या उठतात. आधी माहीत असलं तर पाणी कोमट करून घेता येतं, माहीत नसलं तर घशाला काय झालं म्हणून जीव घाबरतो. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानंतर लघवी दिवस-दीड दिवस लालसर होते आणि ते रक्त नसतं, पण न सांगितलेले बाबा ते पाहून मुकाट धसका घेतात. सिस्प्लॅटिननं कानात आवाज येऊ लागतात. वय झालंय म्हणून ते सोडून दिलं जातं. उलटीवरच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि ही गोष्ट तर आपल्याकडचे वडील मुलीसमोर मेले तरी काढणार नाहीत. या प्रत्येकावर काही ना काही करता येतं: औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, पुढची केमो आठवडाभर पुढे ढकलता येते. नसांची इजा वेळेत सांगितली तर ती पुष्कळदा आटोक्यात ठेवता येते. उशीर झाला तर ती कायमची राहू शकते. केमोआधीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कळेल, रक्तपेशींचे काउंट कळतील, बटण लागत नाही हे कळणार नाही.

रुग्णाच्या सांगण्याला किती वजन असतं हे मोजून पाहिलेलं आहे. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात एथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो चालू असलेल्या, रोग पसरलेल्या 766 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीप्रमाणे भेटीच्या वेळी विचारपूस होई. दुसऱ्या गटानं मळमळ, धाप, वेदना, थकवा अशी नेहमीची बारा लक्षणं स्वतःच संगणकावर नोंदवायची, आणि एखादं लक्षण बिघडलं की परिचारिकेला सूचना जायची. 2017 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नोंदवणाऱ्या गटातले रुग्ण मध्यकानुसार 31.2 महिने जगले होते, दुसऱ्या गटातले 26 महिने. नवं औषध काहीच नव्हतं. पुढे अनेक केंद्रांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतला फरक असा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण रुग्णांचं हिंडणंफिरणं, लक्षणांवरचा ताबा आणि रोजचं जगणं त्यातही सुधारलेलं आढळलं. एवढा लाभ एखाद्या गोळीनं दिला असता तर ती मिळवण्यासाठी आपण वाटेल ते केलं असतं.

यावर पहिला आक्षेप प्रेमातूनच येतो. सारखं काय दुखतंय विचारलं तर माणूस खचेल, त्यापेक्षा मन प्रसन्न ठेवावं, सकारात्मक राहावं, अर्धा आजार मनानंच बरा होतो. भेटायला येणारा प्रत्येकजण हे सांगून जातो. 1971 च्या ‘आनंद’ चित्रपटानं आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात हसतमुख रुग्णाची जी मूर्ती बसवली, तिचाही यात वाटा असावा. प्रसन्न राहता आलं तर उत्तमच. दिवस सुसह्य होतात. पण प्रसन्नतेनं रोग हटतो याला आधार नाही. डोकं आणि मान या भागांतल्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांचा जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. तोंडाच्या कर्करोगानं पोळलेल्या आपल्या मुलखाला तो जवळचा वाटावा. मनाची अवस्था चांगली की वाईट यावरून कोण किती जगेल हे सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. याचा मला फार मोठा दिलासा वाटतो. रडणाऱ्या आईमुळे केमो वाया जात नाही. आणि उलट, हसरं राहण्याची सक्ती झाली की तक्रार करणं हा गुन्हा होतो. तोंडात फोड आल्यामुळे जेवण जात नसताना ‘हो, छान आहे’ म्हणणारे बाबा मग दोन दिवस उपाशी राहतात, आणि ताटात अर्धी पोळी का उरली यावरून आपण त्यांच्यावरच रागावतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. पुष्कळ घरांत आईला रोगाचं नावच सांगितलेलं नसतं. गाठ होती, काढली, आता ताकदीचं सलाईन देताहेत, असं सांगून वेळ मारून नेलेली असते. डॉक्टरांच्या खोलीत मुलगा आत जातो आणि ती बाहेरच्या बाकावर बसते. तिला धक्का बसू नये ही काळजी खरी आहे आणि तिची कुणी टवाळी करू नये. तरी विचार करून पाहावा. ज्या दालनात तिला सलाईन लावतात तिथे शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्या दहा मिनिटांत ‘तुम्हाला कुठला आहे?’ असं विचारते. केस गळतात तेव्हा आरसा सांगतो. बहुतेक आयांना कळलेलंच असतं. आपल्याला कळलंय हे मुलांना कळू नये म्हणून त्या आणखी गप्प होतात. आणि खरोखरच कळलं नसेल तर धोका वाढतो. ताकदीच्या औषधानंतर आलेला ताप ती कशाला मनावर घेईल? दाढ दुखली तर ती गावातल्या दवाखान्यात जाईल, केमो चालू आहे हे सांगणार नाही कारण तिला ठाऊकच नाही, आणि काउंट खाली गेलेल्या आठवड्यात दाढ काढली जाईल. काही माणसांना खरंच फार जाणून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. म्हणून आधी विचारावं: ‘आई, तुला सगळं सांगू, की मोजकंच?’ ती ‘तुम्हीच बघा, मला नको’ म्हणाली तर तिनं स्वतः तो भार मुलांवर सोपवलेला असतो, मुलांनी तो तिच्या हातून काढून घेतलेला नसतो. पण औषध कडक आहे, ताप आला तर लगेच सांगायचं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर उपचारांचं कार्ड दाखवायचं, एवढं तिला माहीत हवंच. आपली कुटुंबं एकमेकांत गुंतलेली असतात, परदेशासारखा एकट्यानं निर्णय घ्यायचा रिवाज इथे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांनाही हे मान्य व्हायला हरकत नसावी. यात मुलांचा अधिकार कमी होत नाही, आईचा जीव सांभाळला जातो.

सगळ्यात खरा आक्षेप मात्र रुग्णांच्या मनातला आहे, आणि तो ते क्वचितच बोलून दाखवतात. सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतील, केमो बंद करतील, आणि मग रोग उलटेल. ही भीती अगदीच निराधार नाही. इटलीत मिलानच्या जानी बोनाडोना यांनी स्तनांच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या केमोचे निष्कर्ष 1976 मध्ये मांडले, आणि पुढे त्याच रुग्णांची छाननी करताना ठरलेली मात्रा बव्हंशी पूर्ण मिळालेल्यांची प्रकृती जास्त चांगली राहिल्याचं त्यांना दिसलं. त्यामुळे बरं करण्यासाठी चाललेल्या उपचारात डॉक्टर मात्रा सहजासहजी कापत नाहीत. आधी उलटीचं औषध बदलतात, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात, दिवस पुढे नेतात. तक्रार दडवल्यानं मात्रा वाचत नाही. दडवलेल्या तक्रारीचा शेवट अतिदक्षता विभागात झाला तर पुढच्या दोन केमो हुकतात आणि नुकसान कितीतरी मोठं होतं. न्यू यॉर्कच्या त्या पाहणीत लक्षणं नोंदवणारे रुग्ण केमोवर जास्त काळ टिकले होते, ही गोष्ट या भीतीपुढे ठेवण्याजोगी आहे. भीतीला आणखी एक बाजू असते, पैशाची. सांगितलं तर आणखी तपासण्या, आणखी खर्च, मुलाची आणखी एक रजा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पुष्कळ केमो बसतात. तरी प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी यांचा हिशेब आईवडील मनातल्या मनात करतच असतात. त्यांना खर्चाचा आकडा लपवून ठेवण्यापेक्षा किती लागणार आणि ते कुठून येणार हे सांगितलेलं बरं. न कळलेला आकडा त्यांच्या मनात नेहमी मोठाच होत जातो.

मग उरतो व्यवहाराचा प्रश्न: ऐकायला वेळ कुणाला आहे? परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ उभं राहिलं तर हा प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून, कोकणातून आणि देशभरातून आलेली माणसं तिथे असतात. काहीजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्याच नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसदनात उतरलेली असतात. डॉक्टरांसमोर मिळणारी मिनिटं मोजकी. म्हणूनच घरी लिहिलेली साधी वही उपयोगी पडते. तारीख, केमोनंतरचा कितवा दिवस, ताप किती, किती वेळा उलटी, किती वेळा जुलाब, काय खाल्लं, नवं काय जाणवलं. आई शिकलेली नसली तरी बिघडत नाही. ‘पोटात कालवतंय’, ‘तोंड सोलवटलंय’, ‘जीव घाबराघुबरा होतोय’ हे तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, कारण त्यांत डॉक्टरला हवी ती माहिती असते. त्या वहीत घेतलेल्या काढ्यांची, चूर्णांची, शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या कॅप्सुलांचीही नोंद हवी. डॉक्टर ओरडतील म्हणून ती लपवली जातात आणि त्यांतली काही केमोच्या औषधात ढवळाढवळ करू शकतात. पुण्यात आई आणि न्यू जर्सीत मुलगा अशा घरांत तर ही वहीच आधार असते. व्हिडिओ कॉलवर आई डोक्याला रुमाल नीट बांधून, पावडर लावून बसते आणि ‘कशी आहेस?’ला ‘मजेत’ म्हणते. ‘आज ताप किती होता? काल रात्री कितीदा उठलीस? सकाळी बटण स्वतः लावलंस का?’ असं विचारलं की खरं उत्तर द्यावंच लागतं. मुलांनाही ऐकायची सवय करावी लागते. ती म्हणाली ‘आज काहीच नको वाटतंय’, तर लगेच ‘असं कसं, खाल्लंच पाहिजे’ म्हणून तिचं बोलणं तोडू नये. आधी तोंडाला काय होतंय ते विचारावं, मग गरम वरणभाताऐवजी गार दहीभात जातो का ते बघावं.

एक तक्रार ऐकणं सगळ्यात जड जातं. चौथ्या-पाचव्या केमोच्या सुमाराला आई किंवा बाबा म्हणतात, ‘आता पुरे.’ मुलं घाईनं ते वाक्य पुसून टाकतात. पण त्या शब्दांमागे काय आहे ते शोधायला हवं. कधी तोंडातले फोड असतात, कधी न ओळखलेलं नैराश्य, कधी मुलाची नोकरी जाईल ही धास्ती. ते कारण दूर केलं की तोच माणूस उरलेल्या केमो घ्यायला तयार होतो. कधी मात्र तो पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय असतो. या दोहोंत फरक करायचा तर केमो रोग बरा करण्यासाठी चाललीय की त्याला काही काळ आवरण्यासाठी, हे घरात सगळ्यांना स्वच्छ ठाऊक हवं. पहिल्या स्थितीत उरलेल्या दोन केमोंचं मोल फार असतं, दुसऱ्या स्थितीत रोजचा दिवस कसा जातो याचं. आवरण्याच्या उपचारातही वेदना, धाप, भीती यांकडे पाहणारी तज्ज्ञ मंडळी सुरुवातीपासून बरोबर असली तर लाभ होतो. बॉस्टनमध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर जेनिफर टेमेल यांनी केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी साथ लवकर मिळालेले रुग्ण कमी खचले, अखेरीस त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरी ते जास्त जगले: 8.9 महिन्यांच्या जागी 11.6 महिने. तेव्हा ‘पुरे’ ऐकू आलं की डॉक्टरांची वेळ घ्यावी, आईला आत न्यावं, खुर्चीवर बसवावं आणि पुढच्या केमोनं काय मिळणार, न घेतल्यास काय होणार, हे तिच्यासमोर तिच्या भाषेत विचारावं. ऐकून ती ‘आणखी दोन घेऊन बघते’ म्हणेल किंवा ‘घरी जाऊ’ म्हणेल. दोन्ही वेळा दुखण्यावरची औषधं कोणती, रात्री फोन कुणाला करायचा आणि घरात पाळीपाळीनं कोण राहणार, हे तिला विचारून तिथेच ठरवता येतं.